ओपन डेक ब्लॉक आणि हिंगणा रस्त्यावरचे एक वर्कशॉप : कामाचा सविस्तर अभिप्राय

इंजिनाचे मशीनकाम करणारे दुकान चांगले की वाईट, हे मी आता एकाच गोष्टीवरून ठरवतो. तापून बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनाचे हेड, म्हणजे वरचा भाग, समोर ठेवल्यावर तो माणूस ब्लॉकची, म्हणजे सिलिंडर असलेल्या खालच्या मुख्य भागाची, चौकशी करतो की नाही, एवढेच पाहतो. नागपुरात मी हेड घेऊन तीन ठिकाणी गेलो. पहिल्या ठिकाणी हेड ठेवून घेतले आणि "संध्याकाळी या, फेसिंग करून ठेवतो" असे सांगितले; फेसिंग म्हणजे पृष्ठभाग मशीनवर घासून सपाट करणे. दुसऱ्या ठिकाणी इंजिन कोणते ते ऐकल्यावर "हा ओपन डेकवाला कच्चा ब्लॉक असतो, यात पैसे घालू नका, सेकंडहँड हाफ इंजिन टाका" असा सल्ला मिळाला; हाफ इंजिन म्हणजे हेड नसलेले, पिस्टनसह तयार ब्लॉक. तिसऱ्या ठिकाणी, हिंगणा रस्त्यावरच्या एका लहान वर्कशॉपमध्ये, मिस्त्रींनी हेड हातातसुद्धा घेतले नाही. "भाऊ, हेड आणलं, पण ब्लॉक कुठी हाय? ब्लॉक पाह्यल्याशिवाय मी हेडले हात नाही लावत," असे म्हणून त्यांनी मला परत पाठवले. हा अभिप्राय त्या तिसऱ्या वर्कशॉपबद्दल आहे. त्यांच्या हाताखाली दोनच कारागीर आहेत आणि कामाची रांग आधीच पंधरा दिवसांची असल्यामुळे त्यांनी नाव छापू नये अशी विनंती केली, ती मी पाळतो आहे. त्यांनी काय केले आणि ते का केले, हे समजले तर वाचकांना आपल्या भागातले असे दुकान स्वतः ओळखता येईल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

गाडी २०१० सालची, दीड लिटरची, चार सिलिंडरची पेट्रोल सेडान आहे. ती कोणत्या कंपनीची आहे याला येथे महत्त्व नाही, कारण असे ब्लॉक अनेक कंपन्यांच्या गाड्यांत आहेत आणि झालेली चूक गाडीची नव्हती. २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी, ऐन नवतपात, मी समृद्धी महामार्गावरून कारंज्याहून नागपूरकडे येत होतो. सलग शंभराच्या वर वेग आणि खाली तापलेले काँक्रीट अशा स्थितीत रेडिएटरचा खालचा जुना होज (रबरी नळी) फाटला. गोडसर वास आला, एसीची हवा कोमट झाली, पण तापमानाचा लाल दिवा फार उशिरा लागला. त्याचे कारण मला नंतर समजले. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरे तापमान सांगतो. कूलंट निघून गेल्यावर तो कोरडा पडतो आणि इंजिन जळत असतानाही खोटा दिलासा देत राहतो. पुढच्या एक्झिटवरून खाली उतरल्यावर जे पहिले गॅरेज दिसले, तेथे होज बदलून तापलेल्या इंजिनात टाकीतले गार पाणी ओतण्यात आले, आणि मी ते थांबवले नाही. आठवडाभरात सकाळी पांढरा धूर निघू लागला, रिझर्व्ह टाकीत बुडबुडे दिसू लागले आणि दोनशे किलोमीटरमागे जवळपास लिटरभर कूलंट कमी होऊ लागले. त्रिमूर्तीनगरच्या माझ्या नेहमीच्या मेकॅनिकने हेड उतरवले, तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधला गॅस्केटचा (हेड आणि ब्लॉकमधल्या सीलचा) भाग काळा पडलेला होता.

आता मूळ मुद्दा, म्हणजे "कच्चा ब्लॉक" हा शब्द. डेक म्हणजे ब्लॉकचा वरचा सपाट भाग, ज्यावर गॅस्केट आणि हेड बसते. आपल्याकडे त्याला ब्लॉकचा फेस म्हणतात. ओपन डेक ब्लॉक वरून पाहिला तर पाण्याच्या घंगाळात चार पेले एकमेकांना चिकटवून उभे केल्यासारखा दिसतो. पेले तळाशी घंगाळाशी एकजीव असतात आणि बहुतेक वेळा एकमेकांनाही जोडलेले असतात, पण वरच्या टोकाला त्यांच्या आणि बाहेरच्या भिंतीच्या मध्ये पाण्याची खाच सगळीकडून उघडी राहते. क्लोज्ड डेकमध्ये त्याच घंगाळावर, पेल्यांच्या तोंडाएवढी गोल भोके ठेवून, धातूचे झाकण ओतलेले असते आणि पाणी हेडमध्ये चढण्यासाठी त्या झाकणात लहान छिद्रे असतात. सेमी-क्लोज्ड प्रकारात पूर्ण झाकण नसते. पेले आणि भिंत यांच्यामध्ये काही ठिकाणी धातूचे पूल असतात आणि बाकीची खाच उघडी असते.

उघडा फेस ठेवण्याचे पहिले कारण ओतकामातले आहे. ॲल्युमिनियमचे ब्लॉक मोठ्या संख्येने करायचे असतात, तेव्हा वितळलेला धातू मोठ्या दाबाने पोलादी साच्यात भरतात आणि काही क्षणांत साचा उघडतात. पाण्याची जागा तयार करणारा साच्याचा भाग वरच्या बाजूने सरळ बाहेर निघायला हवा, आणि वर झाकण असेल तर तो आत अडकेल. झाकण हवे असेल तर आत वाळूचा गाभा बसवावा लागतो आणि धातू थिजल्यावर तो फोडून काढावा लागतो. त्यात वेळ जातो, खर्च वाढतो आणि तपासणीही वाढते. म्हणून रोजच्या वापराच्या, हलक्या आणि परवडणाऱ्या इंजिनांमध्ये ओपन डेक सर्रास दिसतो.

पण केवळ स्वस्त म्हणून ही रचना आली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सिलिंडरचा सर्वांत जास्त तापणारा भाग वरचा असतो, कारण ज्वलन तेथे होते आणि पिस्टनची वरची रिंगही तेथेच दिशा बदलते. ओपन डेकमध्ये पाणी थेट त्या भागापर्यंत बाहेरच्या सर्व बाजूंनी पोहोचते. दुसरा फायदा त्याहून बारीक आहे. हेड बोल्ट कसताना जो प्रचंड ताण येतो, तो बाहेरच्या भिंतीतल्या खोल आट्यांवर येतो. सिलिंडर वरच्या टोकाला त्या भिंतीशी जोडलेला नसल्यामुळे तो ताण बोअरपर्यंत (सिलिंडरच्या आतल्या गोल पोकळीपर्यंत) कमी पोहोचतो आणि बोअर गोल राहायला मदत होते. बोअर गोल राहिला की रिंगचा दाब कमी ठेवता येतो, घर्षण कमी होते आणि ऑइलही कमी खाल्ले जाते.

याच्या उलट बाजूचाही हिशेब मांडला पाहिजे. माझ्या इंजिनाचा बोअर ७३ मिलिमीटर आहे, म्हणजे पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ४२ चौरस सेंटिमीटर भरते. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात ज्वलनाचा कमाल दाब ६० बारच्या आसपास धरला, तर प्रत्येक स्फोटाला पिस्टनवर सुमारे अडीच टनांचा भार येतो. तो भार तिरक्या कनेक्टिंग रॉडमुळे पिस्टनला बोअरच्या एका भिंतीवर रेटतो, आणि ती भिंत वरच्या टोकाला कोणाच्याही आधाराविना उभी असते. टर्बो लावून दाब दुपटीकडे नेला तर त्या भिंतीचे सूक्ष्म हलणे वाढते, आणि सिलिंडरच्या तोंडावर दाबून बसलेले गॅस्केट त्या हलण्याने हळूहळू घासले जाते. शर्यतीच्या गाड्या बांधणारे लोक क्लोज्ड डेक मागतात तो यासाठी.

शेवर्लेने १९७१ च्या व्हेगा गाडीत ॲल्युमिनियमचा ओपन डेक ब्लॉक दिला होता. त्यात सुमारे १७ टक्के सिलिकॉन असलेला मिश्रधातू वापरून लोखंडी लायनर (सिलिंडरच्या आतले नळीसारखे अस्तर) वगळले होते आणि वर हेड मात्र बिडाचे होते. ते इंजिन तापले की सिलिंडर वाकत आणि गॅस्केट जात असे, आणि त्या अपयशाची सावली या रचनेवर दीर्घकाळ राहिली. बीएमडब्ल्यूने एन५४ आणि एन५५ ही टर्बो इंजिने ओपन डेकची केली आणि २०१५ मध्ये आलेले बी५८ क्लोज्ड डेकचे केले. मित्सुबिशीने लान्सर इव्होल्युशनच्या दहाव्या पिढीतल्या ४बी११ इंजिनाला सेमी-क्लोज्ड डेक दिला. पण फोक्सवॅगनच्या ईए२११ मालिकेतली टर्बो इंजिने, जी आज आपल्या रस्त्यांवर फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांत धावतात, ती ओपन डेकचीच आहेत. लायनरचा धातू, भिंतीची जाडी, बोल्टची जागा आणि गॅस्केटची जात या सर्वांचा एकत्र विचार करून कंपनी निर्णय घेते. त्यातली एकच गोष्ट उचलून ब्लॉकला कच्चा ठरवणे बरोबर नाही, आणि गिऱ्हाइकाला हाफ इंजिन विकण्यासाठी तसे ठरवणे तर मुळीच बरोबर नाही.

मात्र एक गोष्ट खरी आहे : हा ब्लॉक जुन्या सवयीने हाताळता येत नाही. नागपुरातले अनेक जुने मिस्त्री ॲम्बॅसेडरच्या १४८९ सीसी इंजिनावर शिकले. त्यात ब्लॉकही बिडाचा आणि हेडही बिडाचे होते. गाडी गरम झाली तर हेड घासून, नवे गॅस्केट टाकून बसवले की बहुतेक वेळा भागत असे. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट पसरते. दोनशे मिलिमीटर उंचीचा ब्लॉक ८० अंशांनी तापला तर बीड ०.१८ मिलिमीटरच्या आसपास वाढते आणि ॲल्युमिनियम ०.३७ मिलिमीटरच्या आसपास. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये ओतलेले लायनर बहुतेक वेळा बिडाचे असतात, म्हणजे हे दोन धातू एकमेकांना धरून वेगवेगळ्या मापाने पसरत असतात. ठरलेल्या तापमानात ते एकमेकांना सांभाळून घेतात. पण इंजिन मर्यादेबाहेर तापले की ॲल्युमिनियम नरम पडते, लायनरवरची त्याची पकड सैल होते आणि लायनर केसभर खाली बसतो किंवा दोन सिलिंडरमधला अरुंद पूल खचतो. हे खचणे डोळ्यांना दिसत नाही, आणि हेड कितीही सुंदर घासले तरी ते दुरुस्त होत नाही.

म्हणून मी ब्लॉक घेऊन पुन्हा गेलो. तेथे पहिली गोष्ट लक्षात आली ती धुण्याची. कोपऱ्यात कॉस्टिकची गरम टाकी होती, पण ती बिडाच्या ब्लॉकसाठी होती, आणि टाकीवर रंगाने मोठ्या अक्षरांत "ॲल्युमिनियम टाकू नये" असे लिहिलेले होते. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो हे सर्वांना माहीत असते, तरीही घाईच्या दिवशी नवीन पोरगा ब्लॉक टाकीत सोडतो आणि फेस कायमचा खडबडीत होतो. माझा ब्लॉक केरोसीन आणि साबणाच्या पाण्याने, नायलॉनच्या ब्रशने धुतला गेला. जुने गॅस्केट प्लास्टिकच्या पट्टीने सोडवले, आणि ग्राइंडरची चकती जवळही आणली नाही. बोल्टची बंद भोके एकेक करून हवेने कोरडी केली. त्या भोकात ऑइल किंवा पाणी राहिले तर बोल्ट कसताना त्याला जायला जागा नसते आणि त्या दाबाने ब्लॉक तडकतो, हे मिस्त्री शिकाऊ मुलाला सांगत होते, आणि मुलाकडून प्रत्येक भोकात कापडी वात घालून ती कोरडी बाहेर येते का ते दाखवून घेत होते.

त्यानंतर ब्लॉक रात्रभर तसाच ठेवला. मोजमाप दुसऱ्या दिवशी सकाळी, एका लहान बंद खोलीत झाले. संपूर्ण वर्कशॉपमध्ये त्या खोलीतच एसी आहे. मिस्त्री स्वतः बाहेर कूलरसमोर बसतात. कूलरची दमट हवा मापाच्या साधनांवर गंज आणते, म्हणून कूलर त्या खोलीत लावत नाहीत. मला हे आधी नखरे वाटले, पण त्यांनी कागदावर हिशेब करून दाखवला. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि मायक्रोमीटर पोलादाचा. ४२ अंशांच्या दुपारी मोजलेला ७३ मिलिमीटरचा पिस्टन २२ अंशांच्या मानाने सुमारे ०.०१७ मिलिमीटर मोठा दिसतो. पिस्टन आणि बोअरमधली फटच जेथे ०.०३ मिलिमीटरच्या घरात असते, तेथे ही चूक फटीच्या निम्म्याहून जास्त झाली. ज्या शहराने २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश पाहिले आहेत, तेथे इंजिन मोजणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब डोक्यात ठेवला पाहिजे. ही खोली पाहिल्यावर माझा या वर्कशॉपवर विश्वास बसला.

फेस तपासण्यासाठी त्यांनी घासून सरळ केलेली पोलादी पट्टी वापरली. ती ब्लॉकवर लांबीच्या दिशेने दोन जागी, रुंदीच्या दिशेने दोन जागी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून तिच्याखालून फिलर गेजची पाती सरकवून पाहिली. बाहेरच्या भिंतीवर ०.०४ ची पाती अडत होती, म्हणजे भिंत ठीक होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या पुलावर ०.०५ गेली, ०.०६ गेली, ०.०८ सुद्धा थोडी घासत गेली. मिस्त्रींनी माझ्या हातात पाती दिली आणि मलाच सरकवायला लावली. झेरॉक्सच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते. माझे गॅस्केट त्याहून कमी खड्ड्याने गेले होते. "हेडच घासलं असतं तर महिनाभरात पुन्हा आले असते तुमी," एवढेच ते म्हणाले आणि निळ्या मार्करने त्या पुलावर खूण केली. पत्र्याच्या अनेक पदरांचे जे गॅस्केट अशा इंजिनात येते, त्याला असा खड्डा भरून काढता येत नाही. त्याला फेस सपाट लागतो आणि आरशाच्या जवळ जाणारा गुळगुळीतपणा लागतो.

फेसिंग करताना आणखी एक अडचण असते, आणि ती ॲल्युमिनियमच्या ब्लॉकचीच आहे. मशीनचे एकच पाते एका फेरीत मऊ ॲल्युमिनियम आणि कडक बीड दोन्ही कापत जाते. ॲल्युमिनियमवर हिऱ्याचे इन्सर्ट (पात्याचे बदलता येणारे टोक) उत्तम चालते, पण बिडावर ते लवकर झिजते. आणि पाते बोथट झाले की ॲल्युमिनियम कापले न जाता लायनरच्या कडेवर लेपल्यासारखे पसरते. त्यांनी नवे इन्सर्ट लावून, कमी खोलीच्या दोन फेऱ्यांत एकूण ०.१ मिलिमीटर काढले, आणि हेडवरूनही तेवढेच काढले. या दोन्हींनी प्रत्येक सिलिंडरमधली ज्वलनाची जागा पाऊण ते एक सीसीच्या दरम्यान कमी होते आणि १०.४ चा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) १०.६ च्या आसपास जातो, असा हिशेब त्यांनी माझ्यासमोर मांडला. साध्या पेट्रोलवर तो चालेल, पण यापुढे या ब्लॉकवर आणखी फेसिंग करू नये, असेही लिहून दिले. फेसिंगपूर्वी गिऱ्हाइकाला हा हिशेब दाखवणारे दुकान मी याआधी पाहिलेले नव्हते.

होनिंग, म्हणजे बोअर आतून बारीक घासून गोल आणि नीट करणे, फेसिंगनंतर केले, आणि तेही टॉर्क प्लेट कसून. दीड इंच जाडीची, चार भोके असलेली लोखंडी प्लेट हेडच्या जागी ठेवून, हेड बोल्ट कसतात तेवढ्याच ताणाने ती कसतात, म्हणजे होनिंग होताना बोअरचा आकार गाडीत असतो तसाच असतो. वर मी लिहिले की ओपन डेकमध्ये बोल्टचा ताण बोअरपर्यंत कमी पोहोचतो. कमी म्हणजे शून्य नव्हे, हे तेथे दिसले. प्लेट कसण्यापूर्वी आणि कसल्यावर बोअर गेजने मोजले, तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या तोंडाजवळ ०.०१२ मिलिमीटरचा फरक आला. प्लेट न लावता गोल केलेला बोअर हेड बसल्यावर तेवढाच वाकडा झाला असता. झीज मर्यादेत होती, त्यामुळे जुनेच पिस्टन आणि नव्या रिंग चालल्या.

ब्लॉक गार्डबद्दलही लिहिले पाहिजे, कारण बाजारात ते मोठ्या उत्साहाने सुचवले जाते. ओपन डेकच्या उघड्या खाचेत बसणारी ती ॲल्युमिनियमची जाड चौकट असते. ती ठोकून बसवली की ब्लॉक जवळपास क्लोज्ड डेक होतो, असे सांगतात. मी विचारले, तेव्हा मिस्त्रींनी स्पष्ट नकार दिला. ती चौकट ज्या ठिकाणी बसते, तेथेच सिलिंडर सर्वांत जास्त तापतो, आणि तेथले पाणी अडवले तर आधार मिळतो पण थंडावा जातो. शिवाय हातोडीने ठोकताना बोअर आतून दाबला जातो आणि केलेले होनिंग वाया जाते. टर्बो लावून ताकद वाढवायची असेल तर नीट मशीन करून मोठ्या स्लीव्ह (जाड लायनर) बसवाव्यात, आणि रोजच्या गाडीत कंपनीने ठेवलेली खाच तशीच राहू द्यावी, असे त्यांचे मत आहे. मला ते पटते. गिऱ्हाईक स्वतःहून पैसे द्यायला तयार असताना त्याला नाही म्हणणे, हे मी या वर्कशॉपच्या बाजूने मोठ्या अक्षरात नोंदवतो.

खर्च असा आला : हेडचा प्रेशर टेस्ट ८०० रुपये, हेड फेसिंग १,२००, व्हॉल्व्ह सीटचे काम २,४००, ब्लॉक फेसिंग ३,५०० आणि टॉर्क प्लेटसह होनिंग ४,८००, म्हणजे मशीनकाम एकूण १२,७०० रुपयांचे. रिंग, गॅस्केट सेट, नवे हेड बोल्ट, होज, थर्मोस्टॅट, कूलंट आणि इंजिन उतरवून पुन्हा बांधण्याची माझ्या मेकॅनिकची मजुरी वेगळी. हाफ इंजिनाचा मला सांगितलेला भाव याच्या तिपटीहून जास्त होता, आणि त्या हाफ इंजिनाने पूर्वी काय सोसले आहे हे सांगणारे कोणी नव्हते.

तक्रारीही आहेत. काम पाच दिवसांत देण्याचे ठरले होते, ते नवव्या दिवशी मिळाले, आणि उशीर होणार असल्याचा एकही फोन त्यांच्याकडून आला नाही. प्रत्येक वेळी मीच विचारले. फेसचा गुळगुळीतपणा मोजण्याचे यंत्र त्यांच्याकडे नाही. नमुन्याच्या पट्टीशी तुलना करून आणि नख फिरवून ते ठरवतात. त्यांचे नख अनुभवी आहे हे मान्य करूनही, जो माणूस खोलीच्या तापमानाचा एवढा विचार करतो त्याने हे यंत्रही घ्यावे असे मला मनापासून वाटते. मापांचा कागद मागितल्याशिवाय मिळत नाही. मागितल्यावर मात्र चारही सिलिंडरची वरची, मधली आणि खालची मापे दोन्ही दिशांनी लिहून मिळाली. तो कागद आता पीयूसीच्या शेजारी डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे.

इंजिन बांधून आता दोन उन्हाळे गेले. गाडी १६,००० किलोमीटरच्या वर चालली, त्यात समृद्धीवरच्या चार लांब फेऱ्या भर मे महिन्यातल्या आहेत. रिझर्व्ह टाकीतली पातळी खुणेवरून हललेली नाही. नळाचे किंवा बोअरवेलचे पाणी मी आता रेडिएटरमध्ये घालत नाही, कारण आपल्याकडच्या कडक पाण्याचा क्षार नेमका त्या दोन सिलिंडरमधल्या अरुंद जागेत साचतो. कूलंट हे थंड प्रदेशातल्या बर्फासाठीच असते, हा समजही आपल्याकडे घट्ट आहे. प्रत्यक्षात निम्मे ग्लायकॉल असलेले कूलंट उघड्या भांड्यातही १०७ अंशांच्या आसपास उकळते आणि झाकणाच्या दाबाखाली त्याहून बरेच वर, शिवाय ते ॲल्युमिनियमला गंजण्यापासून वाचवते.

कोणाला अशा वर्कशॉपमध्ये जायचे असेल, तर हेड, ब्लॉक आणि जुने बोल्ट यांच्याबरोबर उडालेले गॅस्केटही न पुसता कागदात गुंडाळून न्यावे. माझे गॅस्केट मेकॅनिकने कचऱ्यात टाकले होते आणि ते शोधून आणावे लागले. मिस्त्री कोणतेही गेज उचलण्यापूर्वी पहिली दहा मिनिटे त्या गॅस्केटकडेच पाहत होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरमधल्या पुलाचे नाव त्यांनी पट्टी ठेवण्याआधीच घेतले होते.